पाठीला चाकं असलेला माणूस

त्या माणसाच्या पाठीला चाकं का होती, हे आमच्या घरात कुणालाच सांगता येईना. छातीवर दोन गोल दिवे, पोटावर चकचकीत जाळी, आणि खांद्यांच्या मागे दोन व पोटऱ्यांच्या मागे दोन अशी रबराची चार इवलीशी चाकं. उंची माझ्या वितीएवढी. रंग गडद तांबडा, मध्ये मध्ये काळा. हातात घेतला की चांगलाच जड लागायचा, कारण निम्मा धातूचा होता. दसऱ्याच्या आधी भातकापणीसाठी दहा दिवसांची रजा काढून बाबा मुंबईहून आले, तेव्हा त्यांच्या पिशवीतून नेहमीप्रमाणे आईसाठी लुगडं, आत्यासाठी मिश्रीचा पुडा, माझ्यासाठी बिस्किटं निघाली आणि सगळ्यात शेवटी टॉवेलात गुंडाळलेला हा माणूस. मी हात पुढे केला तसा बाबांनी तो वर उचलून धरला. "याला हात लावायचा न्हाय सुमे. हे आपलं न्हाय."

बाबा मुंबईत एका शेठजींच्या घरी गाडी चालवायचे. तिथं दोन गाड्या होत्या. एक रोजची. दुसरी शेठजींच्या वडिलांच्या काळातली, लांब नाकाची, फुगीर मडगार्डांची, चढायला बाजूला पायरी असलेली. तिला बाबा 'मोठी गाडी' म्हणत. ती रविवारी आणि लग्नकार्यालाच बाहेर निघे, पण पुसायला रोज लागे. तिच्याबद्दल बाबा इतकं बोलायचे की आम्ही कुणी ती पाहिली नसली तरी तिचं दार लावल्याचा आवाज कसा येतो ते मला तोंडाने काढून दाखवता यायचं. रजेवर निघायच्या सकाळी त्यांनी मोठ्या गाडीची मागची सीट झाडली, तेव्हा हे खेळणं खाली सापडलं. शेठजींच्या मुलाचं. मंडळी गावाला गेलेली, घराला कुलूप, दारावरचा वॉचमन नवा. कुणाच्या हाती द्यावं कळेना, म्हणून त्यांनी ते पिशवीत टाकलं आणि एसटी पकडली.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. यजमान गेल्यावर आमच्याकडे राहायला आलेली, आणि घरातला शेवटचा शब्द तिचा. ती मिश्री लावता लावता म्हणाली, "परत द्यायचं तं आनलंस कशाला? गाडीतच ठेवायचंस की."

"दुसरा ड्रायव्हर येतोय ना दहा दिवस. त्याच्या हाताला लागलं आनि गेलं, तर नाव कोनाचं?" बाबा म्हणाले. मग त्यांनी सांगितलं, त्या घरातल्या आधीच्या स्वयंपाकीणबाईला एका चांदीच्या चमच्यापायी काढलं होतं. चमचा पुढे कपाटामागे सापडला, पण तोवर ती बाई गावाला निघून गेली होती. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचा हात जरा थांबला, मग पुन्हा चालू झाला. एवढं ऐकल्यावर कुठल्याही शहाण्या मुलीने त्या खेळण्याकडे बघितलंही नसतं. मी सहावीत होते आणि शहाणी नव्हते.

माणूस भाताच्या कणगीवर ठेवला होता, माझा हात पोहोचणार नाही असा. पण तिथून तो दिसायचा, आणि मी दोन दिवस त्याला नुसती बघत होते. चाकं असलेल्या माणसाने चालायचं की घरंगळायचं? चालायचं तर चाकं कशाला, आणि घरंगळायचं तर मग त्याला आडवं पडावं लागेल. जेवताना हेच डोक्यात. त्या दिवसांतलं जेवण मला अजून आठवतं, कारण बाबा असले की घरात खाण्याची चंगळ असायची: तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, परड्यातली जून काकडी किसून केलेले घावणे, आणि बोर्लीच्या बाजारातून आणलेल्या सुकटीची चटणी. बाहेर ओट्यावर विळ्यांना धार लावल्याचा खर्र खर्र आवाज. मी घास हातात धरून वर बघत बसे आणि आत्या म्हणे, "पोरीला कनगीनं झपाटलंय."

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे शेतावर गेले आणि मी उखळ पालथं घालून त्यावर चढले. खरं सांगायचं तर चोरी करतेय असं वाटलंच नाही. मला फक्त तो आडवा पडतो का, ते बघायचं होतं. आडवा ठेवला तर चाकं जमिनीला लागेनात. पाय किंचित आत दाबले तर ते सरकले. डावा जरा कुरकुरत सरकला, त्याला शेवटी हिसका द्यावा लागला. मग हात बाजूला मिटले, डोकं मागच्या खोबणीत गेलं, पाठीवरचं काळं झाकण फिरून वर आलं आणि टक् असा आवाज झाला. माझ्या हातात माणूस उरला नव्हता. लांब नाकाची, फुगीर मडगार्डांची, पुढे दोन गोल दिवे असलेली गाडी होती.

परवा पनवेलला भाच्याने मला फोनवर हुबेहूब तसं खेळणं दाखवलं. आता ते जुनं, दुर्मीळ वगैरे झालंय म्हणे, हौशी लोक काचेच्या कपाटात ठेवतात. त्याच्या मूळ खोक्यात एक कागद असायचा, माणसाची गाडी कशी करायची त्याची चित्रं छापलेला. तो कागद तेव्हा मिळाला असता तर माझं आयुष्य सोपं झालं असतं, पण इतकं मजेचं झालं नसतं.

मार बसेल हे माहीत असून मी ती गाडी घेऊन शेताकडे धावले. बाबा खाचरात वाकून कापत होते. त्यांनी वर पाहिलं, माझ्या हातात काय आहे ते पाहिलं, आणि तोंड उघडलं ते रागवायलाच. पण मग विळा बांधावर ठेवला, हात धोतराला पुसले आणि गाडी घेतली. उलटीपालटी करून बघितली. "ही तं मोठी गाडी," ते हळूच म्हणाले. मग आमचे बाबा, ज्यांना मी कधी खेळताना पाहिलं नव्हतं, बांधावर उकिडवे बसले आणि त्यांनी ती गाडी गवताच्या कडेकडेने पुढे नेली, वळवली, मागे घेतली. "इथं मी बसतो," उजव्या बाजूच्या इवल्या खिडकीवर नख टेकून ते म्हणाले. "मागं शेठजी. आनि हितनं इंजिनाला पानी घालायचं." आई पेंढी हातात धरून उभी होती. ती म्हणाली, "अवो, मला बी दाखवा की." तिने इतकी वर्षं ऐकलेली गाडी त्या दिवशी पाहिली. मला कुणी मारलं नाही.

दोन दिवसांनी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी नांगराचा फाळ, विळे, कोयता, पहार, सगळं घासून पाटावर मांडतात आणि हळदकुंकू, अक्षता, झेंडूची फुलं वाहतात. ज्याच्यावर पोट चालतं त्याला त्या दिवशी राबवायचं नाही. बाबा दरवर्षी या दिवशी मुंबईत असायचे आणि मोठ्या गाडीला हार घालायचे. तो मान त्या घरात त्यांचा होता. यंदा कापणीमुळे तो चुकला. पाटावर फाळाशेजारी त्यांनी आपला गाडी चालवायचा परवाना ठेवला, आणि जरा वेळाने कणगीवरून ती गाडी उतरवून परवान्यावर ठेवली. आत्याने मान हलवली. "ठेवलीस तं नीट कर," ती म्हणाली, आणि विळ्यांना लावतात तसं खोबरेल तिने बोट बुडवून गाडीच्या चारी चाकांना, सांध्यांना, झाकणाच्या बिजागरीला लावलं. आईने ओलं कुंकू लावलं. आम्ही सगळ्यांनी मूठ मूठ अक्षता टाकल्या. बाबांनी हात जोडले आणि बराच वेळ डोळे उघडले नाहीत. इतकं मनापासून पूजलेलं खेळणं मी पुन्हा पाहिलं नाही.

दसरा झाला. नव्या भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानांत गुंफून दाराला बांधल्या. दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, जसं सापडलं तसंच परत द्यायचं, त्याचा माणूस कर. मी रुबाबात गाडी घेतली, कारण ही विद्या घरात मला एकटीला येत होती. झाकण उघडलं, हात निघाले, डोकं निघालं, उजवा पाय निघाला. डावा निघेना. जोर केला तर अर्ध्यावर आला आणि तिथंच बसला. पुढेही जाईना, मागेही येईना. बाबांनी करून पाहिलं, आईने, आत्याने. कुंकू आणि खोबरेल यांचा लाल चिकटा सगळ्यांच्या बोटांना लागला. आता तो ना माणूस होता, ना गाडी. एका पायावर उभा राहून दुसरा पोटात घेतलेलं काहीतरी.

बाबा ओट्यावर जाऊन बसले. त्यांना जायला दोन दिवस उरले होते. मोडकं परत द्यावं तर ड्रायव्हरने मोडलं. देऊच नये तर ड्रायव्हरने नेलं. ते आत्याला एवढंच म्हणाले, "बारा वर्सांत माज्याकडं कोनी बोट न्हाय दाखवलं." आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, "हिच्या हाताला चैन न्हाय." मी रडले, पण रडता रडताही माझ्या डोक्यात तो पाय कुठे अडला असेल हेच चाललं होतं, आणि याची मला लाज वाटत होती. मागे, कमरेच्या वर, एक फुलीच्या खाचेचा बारका स्क्रू होता. तो मी पहिल्याच दिवशी पाहून ठेवला होता. विळ्याच्या टोकाने तो फिरला नसता. आईला मी तो दाखवला. आईने जरा विचार केला आणि बाबांना म्हणाली, "बोर्लीला घड्याळवाले कासमचाचा हायत ना? त्यांच्याकडं न्या. आनि हिला बी न्या, हिनं ते फिरवताना बघितलंय."

कासमचाचांचं दुकान म्हणजे बोर्लीच्या बाजारात एका कापडदुकानाच्या पायरीवर ठेवलेलं काचेचं कपाट. चाचांनी डोळ्याला भिंग लावून माणूस सगळीकडून पाहिला, कुंकू नखाने खरवडलं, वास घेतला. "खोबरेल?" बाबांनी मान डोलावली. "पूजा केलीत?" बाबांनी पुन्हा मान डोलावली. मला वाटलं आता हसतील. चाचा म्हणाले, "बरं केलंत. पन घड्याळाला आनि याला खोबरेल लावायचं न्हाय, ते थंडीत गोठतं आनि धूळ धरतं." मग त्यांनी स्वतःचा हात समोर धरून दाखवला. बोटं बारीक थरथरत होती. "सकाळी हात बरा असतो. आता दुपार झाली. तुम्हाला तर लगेच पायजे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "उघडतेस का बेटी?"

बाबा एकदम म्हणाले, "न्हाय चाचा, तिनंच तर—"

"तिनंच तर काय? तिला म्हाईत हाय ते कसं हलतं. मला न्हाय म्हाईत." चाचांनी पांढरा रुमाल पसरला आणि बारीक पेचकस माझ्या हातात दिला. "एक गोष्ट ध्यानात ठेव. जे आधी निघेल ते डाव्या हाताला. मग त्याच्या शेजारी दुसरं. ओळ मोडायची न्हाय. घालताना उजवीकडून परत यायचं." पुढे तीस वर्षं मी तळा गावातल्या शाळेत विज्ञान शिकवलं, आणि वर्गात कुणी काही उघडून बसलेलं सापडलं की मी आधी त्याच्यापुढे रुमाल पसरायचे. रागवायचे नंतर.

स्क्रू, मग पाठीचं झाकण, मग एक स्प्रिंग, तिला चाचांनी भिंगाखालून बोट लावून धरलं. मी आत डोकावले. एवढ्याशा पोटात किती व्यवस्था होती. पायाची पट्टी एका खाचेतून वर सरके, तीच डोक्याला मागे ओढी. म्हणजे डोकं मी मिटवत नव्हतेच, ते पायच मिटवत होते. खाचेत लाल झालेला एक तांदूळ होता. चाचांनी चिमट्याने तो उचलला, बाबांनी सुस्कारा सोडला. पण पाय तरीही हलेना. मी रुमालावर वाकून बघत राहिले. पट्टीच्या खाली काहीतरी चमकत होतं. चिमटा घेऊन हळूहळू ओढलं तर चॉकलेटच्या चांदीच्या कागदाचा चुरगळलेला तुकडा निघाला, नखाएवढा. आमच्या गावात तेव्हा असलं चॉकलेट कुणी पाहिलेलंही नव्हतं.

"हा आधीपासनं हाय," चाचा म्हणाले. "कुरकुरत असेल पाय. तेलानं सरकून खाली बसला." पहिल्या दिवशीचा हिसका मला आठवला. मी मोठ्याने म्हणाले, "बाबा, म्हणजे आपन न्हाय मोडलं. त्यांच्याच मुलानं खाऊन कागद आत घातला." बाबांनी तो चांदीचा तुकडा बोटावर घेऊन पाहिला आणि रस्त्याकडेच्या गटारात टाकला. मला कळेना. पुरावा होता तो आमचा. चाचांनी रुमालावरची ओळ मला दाखवली, आणि मी उजवीकडून परत आले. पाय सरकला, एकदाही न कुरकुरता.

त्या संध्याकाळी बाबांनी मला ओट्यावर बसवून माणसाची गाडी आणि गाडीचा माणूस करायला शिकवायला लावलं. त्यांची बोटं जाड, कापणीने चिरलेली. दर वेळी हात आधी मिटायचे आणि पाय अडायचे. मी म्हणायचे, "आधी पाय, बाबा," आणि ते शाळेतल्या मुलासारखे "आधी पाय" म्हणत पुन्हा सुरुवात करायचे. आत्या आतून म्हणाली, "दोघं बी येडी." सकाळी ते माणूस टॉवेलात गुंडाळून दिघीला निघून गेले, तिथून लाँचने आगरदांडा आणि पुढे मुंबई. आमचा जीव आता पत्राकडे लागला.

पत्र आलं. आई आणि आत्याला वाचता येत नव्हतं, म्हणून बाबांचं पत्र मी मोठ्याने वाचायचे. दोघी हातातलं काम ठेवून समोर बसल्या. 'खेळणं पोहोचतं केलं. शेठाणीबाईंना सगळं सांगितलं, की घरी माझ्या मुलीच्या हातून ते अडकलं आणि मुलीनेच उघडून नीट केलं. काळजी नसावी. काम चालू आहे.' माझ्या हातून अडकलं, हे मला माझ्याच तोंडाने त्या दोघींना वाचून दाखवावं लागलं. आई डोळे पुसत हसली, कारण काम टिकलं होतं. आत्याने कोयतीकडे हात नेला. मला मात्र राग आला. चॉकलेटचा कागद बाबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. मी कुठल्या तरी अनोळखी घरात मोडतोड करणारी मुलगी झाले होते. त्या पत्राला उत्तर लिहायला मी साफ नकार दिला. शिमग्याला बाबा आले तेव्हा मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, आणि तिसऱ्या दिवशी का बोलत नव्हते तेही सांगितलं नाही.

हे 'का' माझ्याजवळ फार वर्षं राहिलं. डी.एड. झाले, नोकरी लागली, लग्न झालं. मोठ्या माणसांनी मालकाच्या मुलाची चूक स्वतःवर घ्यायची असते, असं मीच एक उत्तर बनवून ठेवलं होतं, आणि ते मला कधी आवडलं नाही. बाबांना शेवटपर्यंत त्याच घरात काम मिळालं, ते थकून गावी परत आले, तेव्हा मी एकदा सुट्टीत गेले होते. ते पडवीत परातीतले मोड आलेले वाल सोलत बसले होते. मी शेजारी बसले आणि सोलायला लागले. काय वाटलं कोण जाणे, एकदम विचारलं, "बाबा, खेळण्याचं माझ्यावर का घातलंत? नुसतं परत दिलं असतं तरी चाललं असतं. त्यांना काही कळलंच नसतं."

त्यांना आठवायला वेळ लागला नाही. "व्हय, कळलं नसतं," ते म्हणाले. "तेच तर." दोन-तीन वाल सोलून झाले. "तू नीट केलंस हे सांगायचं होतं मला. अडकलं म्हनल्याबिगर नीट केलं कसं सांगनार? त्यांच्या पोराचं सांगितलं असतं तर बाईंनी पोराला हाक मारली असती, आनि बोलनं तिथंच संपलं असतं."

"मग काय झालं?"

"बाई हसल्या. म्हनाल्या, ड्रायव्हर, तुम्हाला मुलगी आहे? बारा वर्सं झालेली मला तिथं." बाबा वालाची साल परातीच्या कडेला सारत राहिले. "नाव इचारलं तुजं. मी पुरं सांगितलं. तुजं, मग माजं, मग आडनाव. माजं नाव बी त्यांना तवाच कळलं."